चाळणीला शिकवलेलं

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. शाळेतून निवृत्त झालो त्याला सात वर्षं झाली. खोलीत सहा मशिनं आहेत, सगळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जुन्या मालाच्या दुकानातून आणलेली. एकाचा पंखा कण्हत फिरतो, एकाला चालू करताना बाजूला हलकी चापट मारावी लागते. वारा फिरला की वालधुनी नदीचा वास येतो. मुलं न सांगता उठून खिडकी लावतात आणि परत जागेवर बसतात.

अशा मशिनांवर विकतची सॉफ्टवेअर चालत नाहीत, आणि विकत घेणार तरी कोण. म्हणून फारशी कुणाला माहीत नसलेली मोफत सॉफ्टवेअर शोधायची, त्यांचे मेनू जमेल तसे मराठीत करायचे आणि मुलांपुढे ठेवायची, हा माझा छंद. भूमितीची आकृती काढून ती हाताने ओढता येईल असं एक आहे. घराण्याची वंशावळ मांडणारं एक आहे. अंबरनाथ निवडलं की आपल्या गच्चीवरून दिसेल तसं आकाश दाखवणारं एक आहे. मुलांना हे तिसरं सगळ्यात आवडतं.

या सगळ्याविषयी मी 'मोकळी पाटी' नावाच्या मराठी चर्चास्थळावर लिहीत असे. ते काढणारा गृहस्थ नोकरीसाठी परदेशी गेला आणि देखरेख माझ्याकडे सोपवून गेला. तिथं एका वेळी एकच संपादक असतो. दोन वर्षं तो मी होतो.

मुलांनाही तिथं प्रश्न विचारायला लावायचो. पण आधी फळ्यावर नियम. पहिल्यांदा नमस्कार करा आणि आपण कोण ते सांगा. अडचण साध्या शब्दांत लिहा. लिंक एकच द्या. फोन नंबर देऊ नका. ईमेल द्यावाच लागला तर मधलं चिन्ह अक्षरांत लिहा, म्हणजे पत्ते गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांना तो कळत नाही. एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवू नका.

"नाहीतर यंत्र तुम्हाला जाहिरातवाला समजेल," मी सांगायचो, "आणि मग माणसंही तेच समजतील."

हे नियम सगळ्यात आधी शिकला तो कैलास. सातवीत माझ्या वर्गात होता. वडील लवकर गेले, आई बनूबाई बाजारात सुकी मासळी विकून घर चालवायची. आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि त्याच कॅम्प तीनच्या दुकानात, प्रीतम सेठकडे, मशिनं दुरुस्त करतो. खोलीतली सहाही मशिनं त्यानंच शोधून, पुसून, रिक्षातून आणून लावली. रविवारी मला मदत करायला यायचा. हळूहळू तोही 'मोकळी पाटी'वर लिहू लागला.

आता जे सांगायचं ते स्पष्ट सांगतो. मला त्याचा हेवा वाटू लागला.

आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी लिहिलं होतं तेव्हा तीन उत्तरं आली होती, त्यातलं एक चुकून आलेलं. कैलासने वर्षभराने त्याच्यावरच लिहिलं. बेचाळीस उत्तरं आली. मी मोजली. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं की इतक्या प्रेमानं समजावून सांगणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. वर्गातही तेच. मी काही सांगू लागलो की सातवीतली तेजस्वी हात वर करायची, "सर, असं नाही. कैलासदादाने सोपं सांगितलंय." तो बोलू लागला की मुलांच्या खुर्च्या त्याच्या बाजूला वळायच्या. लोखंडी खुर्च्या आहेत, उचलून वळवाव्या लागतात. मुलं उचलून वळवायची.

तो वाईट शिकवत असता तर मी समजावलं असतं. तो चांगलं शिकवत होता, आणि माझ्याच पद्धतीनं.

सप्टेंबरमध्ये 'मोकळी पाटी'वर जाहिरातींचा लोंढा आला. झटपट कर्ज, घरबसल्या नोकरी, भाग्याचे खडे. रोज दोनशे-तीनशे. हाताने काढणं शक्य नव्हतं. शोधताना मला एक जुनं, कुणी विचारत नसलेलं मोफत सॉफ्टवेअर सापडलं. ते आलेली प्रत्येक पोस्ट वाचतं आणि खरी कुठली, कचरा कुठली ते ठरवतं. पण आधी त्याला शिकवावं लागतं. ते एकेक पोस्ट पुढे ठेवतं, आपण दोनपैकी एक बटण दाबायचं. मी त्याचा मेनू मराठी केला. बटणांना 'कामाचं' आणि 'कचरा' अशी नावं दिली, आणि त्याला 'चाळण'.

चाळणीला शिकवताना मला फार आनंद झाला, हेही सांगायला हवं. इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला. चौदा दिवसांत ती चुकेनाशी झाली. प्रत्येक पोस्टपुढे टक्के दाखवायची, कचरा असण्याची शक्यता किती ते. ज्या पोस्टवर मी 'कचरा' दाबलं असेल तिच्याखाली बारीक अक्षरांत नोंद करायची: शिकवणारे, हिंदुराव सर. तारीख, वेळ.

ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी दुपारी कैलासची पोस्ट आली. वंशावळ मांडणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मी त्याच विषयावर लिहायला घेतलं होतं, अर्धं पान झालं होतं. त्याचं वाचून काढलं. चांगलं होतं. खाली चाळणीने टक्के दाखवले होते: शून्य.

मी 'कचरा' दाबलं.

एकदाच, असं ठरवलं होतं. माझं लिहून होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच गोष्टीचा पुढचा भाग पाठवला. तोही. बारा दिवसांत अकरा पोस्ट झाल्या. नवव्या-दहाव्या वेळी तर बटण दाबण्याआधीच टक्के चढलेले दिसत. त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. बारावी पोस्ट चाळणीने स्वतःच बाजूला टाकली.

कैलासचा फोन आला.

"सर, माझ्या पोस्ट दिसत नाहीयेत. लिंक एकच टाकलीय. नमस्कार केलाय. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलंय सगळं."

"बघतो," मी म्हणालो.

त्या रविवारी तो खोलीत आला तेव्हा मुलं आपापल्या मशिनांवर होती. "काय मंडळी," तो म्हणाला. कुणी मान वर केली नाही. पंखा मोठ्यानं कण्हत होता, मला वाटलं त्यामुळे असेल. त्याने पुन्हा हाक मारली. मग थोडा वेळ उभा राहून तो कोपऱ्यातल्या मशिनची वायर नीट करायला बसला. दीड तास मीच शिकवलं. खुर्च्या माझ्याकडे वळल्या. तेजस्वीने वहीत माझं वाक्य उतरवून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

मला बरं वाटलं. घरी जाताना मी भजी घेऊन गेलो.

पुढच्या रविवारी तो आला आणि तेजस्वीच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिच्या माउसची वायर सुटली होती, ती त्याने खोचली. माउस चालू झाला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सर, कैलासदादा का येत नाही हल्ली?"

त्याचा हात अजून तिच्या टेबलावर होता. नखात काळं ग्रीस होतं.

"तेजस्वी," तो म्हणाला. "ए तेजू."

"सांगा ना सर. चिडलाय का आमच्यावर?"

"काम असेल," मी म्हणालो.

वर्ग सुटल्यावर कैलास माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला. समोरून येणारी माणसं त्याला चुकवून जात होती. कुणाचा धक्का लागत नव्हता. पण खांबाला किंवा डबक्याला चुकवतात तशी, चेहऱ्याकडे न बघता.

"सर, तुम्हाला ऐकू येतंय ना माझं?"

"येतंय."

"दिसतो पण?"

"दिसतोस की."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "आठ दिवसांत तुम्ही एकटेच बोललात माझ्याशी."

मंगळवारी मी शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेलो. प्रीतम सेठ गल्ल्यावर होते. आत कैलास खाली मान घालून एका मशिनचे स्क्रू काढत होता.

"अरे सरजी, आओ, बसा ना. चाय सांगू?"

"कैलासकडे काम होतं."

"कैलास? वो तर किती दिवस आलाच नाही. फोन भी नाही. अच्छा पोरगा होता हां, पण आजकल कुणाचा भरोसा नाही, सरजी."

आत स्क्रू पडल्याचा आवाज झाला. सेठनी तिकडे पाहिलं नाही.

"मग दुरुस्ती कोण करतं?"

सेठ खांद्यावरच्या रुमालाने काच पुसू लागले.

"वोही समझत नाही. संध्याकाळी बघतो तर माल रेडी असतो. बायको बोलली, देवाची कृपा है, विचारू नको. तो मी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कैलासच्या घरी गेलो. बनूबाई ओटीवर सुकट वाळत घालत होती. कैलास पायरीवर बसला होता, कामाला जायच्या कपड्यांत. सूप घेऊन आत-बाहेर करताना तिला त्याच्यावरून जावं लागत होतं. त्याला ओलांडताना ती लुगडं जरासं वर उचलत होती, उंबरठ्यावर उचलतात तेवढंच.

"सर, तुमी? बसा. पण कैलास नाय हो घरी. कामाव गेला तो आलाच नाय."

"कधीपासून?"

"आता दिवस कोन मोजतंय. तुमी भेटलात त सांगा त्याला, आय वाट बगते." तिने सूप खाली ठेवलं. "भाकऱ्या मातर दोन जास्तीच्या व्हतात माज्या हातून. का व्हतात, ठाव नाय. सकालला ताट रिकामं आसतं. मांजर आसंल."

कैलास माझ्याकडे बघत नव्हता. आईच्या पायांकडे बघत होता.

मी घरी आलो आणि चाळण उघडली.

मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं मी कधी कुणाला म्हणू दिलं नाही. पण त्या सकाळी मला एक साधी गोष्ट दिसत होती. कचऱ्यात टाकलेलं कुणालाच दिसत नाही. फक्त संपादकाला दिसतं.

कचऱ्याच्या पानाच्या तळाशी एक ओळ होती. मीच ती मराठीत केली होती, स्वयंपाकघरात चहा उकळत असताना, फार विचार न करता. 'येथील मजकूर तीस दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जाईल.'

पहिल्या पोस्टला तेविसावा दिवस होता.

मी बाराही पोस्ट उघडून प्रत्येकीवर 'कामाचं' दाबलं. टक्के नव्याण्णवचे सत्त्याण्णव झाले. पोस्ट तिथेच राहिल्या. पुन्हा दाबलं. सत्त्याण्णव. मला आश्चर्य वाटायला नको होतं. चुकीचं शिकलेलं पोर पुन्हा बरोबर शिकायला तिप्पट वेळ घेतं, हे मी पालकांना किती वेळा सांगितलं असेल.

मग मी पाहिलं की नेमकं ती काय शिकली आहे. चाळण मागितलं तर यादी दाखवते, कुठल्या शब्दांवरून कचरा ओळखला त्याची. मला वाटलं होतं कैलासचं नाव वर असेल. नव्हतं.

'नमस्कार मंडळी.' 'घाई नाही.' 'एकदा करून बघा.' 'चुकलं तरी चालेल.' 'न कळलं तर पुन्हा विचारा, मी आहे.'

ही माझी वाक्यं होती. सातवी 'ब'च्या फळ्यासमोर उभा राहून मी ती म्हणायचो. त्याला दुसरी भाषा कुठून येणार होती?

माझं लिखाण मात्र चाळणीने आजवर कधी अडवलं नव्हतं. का, ते सूचनांच्या पानावर सापडलं: संपादकाचे लिखाण चाळले जात नाही.

म्हणजे एक वाट होती. कैलासला संपादक करायचं. एका क्षणात तो बाहेर.

हे मला बुधवारी कळलं. मी शनिवारपर्यंत थांबलो. का थांबलो ते विचारू नका. गुरुवारी मुलांच्या तीन पोस्ट आल्या होत्या, तिन्हींत माझे आभार होते.

शनिवारी, सव्विसाव्या दिवशी, सकाळी मी कैलासला अंबरनाथ पश्चिमेला माझ्या घरी बोलावलं. तो वाळला होता. मी चहा केला, लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणालो की आता माझे डोळे थकतात, 'मोकळी पाटी' तू सांभाळ.

"मी? सर, माझ्या तर पोस्टच जात नाहीत."

"आता जातील."

अकरा पोस्टचं मी सांगितलं नाही. त्याला सुटका मिळत होती. कारण कळून काय होणार होतं. संपादकाच्या जागी माझं नाव पुसून त्याचं लिहिलं. शिट्टी वाजावी तसा एक बारीक आवाज आला, नेहमीचाच, नोंद झाल्याचा.

खाली गेटजवळच्या वॉचमनने त्याला जाताना हाक मारली, "काय दादा, बरे ना?" ती मला वर ऐकू आली. मी खिडकीत उभा होतो.

तो गेल्यावर मी नेहमीसारखी रविवारच्या वर्गाची सूचना पाठवली. 'नमस्कार मंडळी. उद्या आकाश बघू. घाई नाही, सावकाश या.' ती पानावर आली नाही. नेट गेलं असेल म्हणून मी लॅपटॉप मिटला.

रविवारी मी पोचलो तेव्हा कैलास आधीच आला होता. मुलांनी त्याला घेरलं होतं. "कुठे होतास तू? आम्हाला वाटलं तू बदलापूरला राहायला गेलास." तेजस्वी त्याच्या शर्टाची बाही धरून उभी होती. मला आधी बरं वाटलं. मग तीच जुनी हेव्याची कळ आली, ओळखीची.

"बसा रे बाळांनो," मी म्हणालो.

कुणी बसलं नाही.

पंखा कण्हत होता. मी पुढे जाऊन फळ्यावर तारीख लिहिली आणि पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. तेजस्वी फळ्यापाशी आली, माझ्या हाताखालून डस्टर घेतलं आणि मी लिहिलेली तारीख पुसून तीच तारीख लिहिली.

कैलास माझ्याकडे बघत होता. एकटा तोच.

त्याच्यासमोर दुकानातला एक लॅपटॉप उघडा होता. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. कचऱ्याचं पान होतं. सगळ्यात वर माझी सूचना. खाली त्याच्या पोस्ट. तो बोटाने सावकाश खाली सरकत होता. एकेका पोस्टखाली थांबत होता. शिकवणारे, हिंदुराव सर. शिकवणारे, हिंदुराव सर. अकरा वेळा थांबला.

"कैलास," मी म्हणालो. "माझी पोस्ट अडकलीय बघ."

त्याने वर पाहिलं. रागावलेला नव्हता. मुलांना समजावताना त्याचा चेहरा जसा होतो, तसाच होता.

"बघतो, सर," तो म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

मी मागे जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो. मुलांनी खुर्च्या उचलून त्याच्याकडे वळवल्या. "घाई नाही," तो त्यांना सांगत होता. "चुकलं तरी चालेल."

तेजस्वी उशिरा जागेवर आली. दप्तर कुठे ठेवावं म्हणून तिने इकडे तिकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीवर ठेवलं.

माझ्या मांडीवर ते जड लागलं. पडू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो, बारा वाजेपर्यंत.